लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासासाठी हँडलबार आणि ब्रेक लिव्हर कोणते घ्यावेत?

प्रश्न:
माझ्या सायकलला फ्लॅट बार (सरळ आडवा हँडलबार) आणि व्ही-ब्रेक (दोन लांब भुजांनी रिम दाबणारे ब्रेक) आहेत. सामान लादून दिवसभर चालवताना दुपारपर्यंत करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मनगटेही दुखतात. ड्रॉप बार, म्हणजे टोके खाली वळलेला हँडलबार, बसवावा असा विचार आहे. त्यासाठी ब्रेक लिव्हर बदलावे लागतील का, आणि बदलायचे झाल्यास कोणते घ्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
याच दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब येत असण्याची शक्यता मोठी आहे. फ्लॅट बारवर तळवे सतत खाली वळलेले राहतात आणि हात हलवायला दुसरी जागा नसते. ड्रॉप बारवर हूड (ब्रेक लिव्हरचा रबराने मढवलेला वरचा भाग), वरचा आडवा भाग आणि खालचा बाक असे पर्याय मिळतात. शिवाय हूडवर तळवे एकमेकांसमोर येत असल्याने मनगट सरळ राहते. मात्र फ्लॅट बारसाठी घडवलेल्या फ्रेमची वरची नळी सहसा लांब असते आणि हूड तर बारच्याही पुढे असतात, त्यामुळे जुनाच स्टेम (हँडलबारला सायकलशी जोडणारा तुकडा) ठेवल्यास शरीर ताणले जाऊन हातांवरचा भार उलट वाढेल. आखूड आणि थोडा उंच स्टेम लागेल. सीटचे टोक खाली झुकलेले नाही ना, हे त्याआधी पाहावे. पुष्कळदा दुखण्याचे मूळ तिथेच सापडते.

प्रतिसाद २:
लिव्हर बदलावेच लागतील. फ्लॅट बारची पकड २२.२ मिमी जाडीची असते, तर ड्रॉप बार २३.८ मिमीचा, त्यामुळे तुमचे लिव्हर आणि गिअर शिफ्टर त्यावर चढणारच नाहीत. खरी अडचण केबलची आहे. ड्रॉप बारचे नेहमीचे लिव्हर केबल कमी ओढतात आणि व्ही-ब्रेकला ती जास्त ओढली जावी लागते. असे लिव्हर लावले, तर ब्रेक पॅड रिमला जवळजवळ चिकटवून ठेवावे लागतात. चाक जरा वाकडे झाले की ते घासतात, आणि पॅड झिजले की लिव्हर थेट बारला टेकतो. म्हणून व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले, जास्त केबल ओढणारे ड्रॉप लिव्हर घ्यावेत किंवा आखूड भुजांचे मिनी व्ही-ब्रेक बसवावेत. उलट जोडी, म्हणजे व्ही-ब्रेकचा लिव्हर आणि कॅलिपर ब्रेक (रोड सायकलवर चाकाच्या वर बसणारे रिम ब्रेक), अधिक फसवी असते: लिव्हर हाताला छान घट्ट लागतो, पण सायकल थांबत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. म्हणजे स्टेम, लिव्हर, शिफ्टर असे बरेच काही बदलणे आले. फ्लॅट बार ठेवूनच काही करता येईल का?

प्रतिसाद ३:
नक्कीच, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. सीटवर बसून हात लिव्हरकडे न्या. बोटे लिव्हरवर असताना मनगट वरच्या बाजूला मुडपत असेल, तर लिव्हरचा पकडस्क्रू सैल करून तो हाताच्या रेषेत येईपर्यंत खाली फिरवा. लिव्हरवर लहान स्क्रू असल्यास त्याने लिव्हर बारच्या जवळ आणता येतो, म्हणजे लांब उतारावर बोटे ताणावी लागत नाहीत. तळव्याला रुंद आधार देणाऱ्या ग्रिप आणि टोकांना बार-एंड (शिंगांसारखे छोटे दांडे) लावल्यास हात ठेवायला आणखी एक जागा मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर मागे वळलेला किंवा बटरफ्लाय बार (फुलपाखराच्या पंखांसारखा वळवलेला हँडलबार) पाहावा. त्यांतले बहुतेक २२.२ मिमीचेच असल्याने तुमचे लिव्हर आणि शिफ्टर चालतील, फार तर केबल लांब घ्यावी लागेल. बटरफ्लाय बारच्या पुढच्या भागावर हात असताना ब्रेक हाताशी नसतो, एवढे मात्र रहदारीत ध्यानात ठेवावे.