घासू, रट्टा आणि पी.एल.

कॉलेजच्या पोरांच्या बोलीवरच्या या चर्चेत घासू आणि रट्टा हे शब्द येऊन गेलेत, पण दोन्ही एकाच माळेत ओवल्यासारखे वाटले. घासू मनापासून सगळं वाचतो, रट्टा मारणाऱ्याला अर्थाशी देणंघेणं नसतं. रट्टेबाजाला ‘पुढचं वाक्य सांग’ म्हटलं की तो परिच्छेदाच्या सुरुवातीपासून गाडी सोडतो! आधीची पिढी याला घोकंपट्टी किंवा पोपटपंची म्हणायची. आयआयटीच्या हॉस्टेलांत घासूचा मग्गू होतो, तो इंग्रजी ‘मग अप’वरून, म्हणजे कसून अभ्यास करणं.

इंजिनियरिंगवाल्यांची पी.एल., म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, मात्र राहूनच गेली. तेव्हा लोक ‘नाइट मारतात’, म्हणजे रात्रभर जागून अभ्यास करतात, आणि अर्धा सिलॅबस ‘ऑप्शनला टाकतात’, म्हणजे चक्क सोडून देतात. हा ऑप्शनला टाकणं प्रकार मला फार आवडतो, पुढे लोक नातेवाइकांनाही ऑप्शनला टाकतात.

घासूची खरी ओळख वेगळीच. पेपरनंतर तोंड पाडून ‘वाट लागली रे’ म्हणणार, निकालात वर्गात पहिला. आणि ‘काहीच झालं नाही माझं’ म्हणताना हातातल्या झेरॉक्सवर तीन रंगांचे हायलायटर. ‘छुपा घासू’ म्हणतात त्याला. उघड्या घासूवर कुणाचा राग नसतो, नोट्स त्याच्याकडूनच मिळतात.