चित्रकाराला मास्तरकी आडवी येते का?

प्रश्न :
चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र नुकतेच वाचून झाले. कोल्हापुरात वाढलेला, चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडे पहिले धडे गिरवलेला हा मुलगा १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल होतो, १८९६ मध्ये तेथेच शिक्षक होतो आणि १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते कलामंदिर सोडत नाही. पुस्तकाच्या नावातली एकेचाळीस वर्षे ती हीच. माझा भाचा तालुक्याच्या गावी असतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत त्याला ‘अ’ श्रेणी मिळाली आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की आधी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून शाळेत चिकटावे, मग काय ती चित्रे काढावीत. शिकवण्यात चित्रकार विझतो की टिकतो, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ :
धुरंधरांच्या बाबतीत क्रम पाहावा. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांनी १८९५ मध्ये, म्हणजे शिक्षक होण्यापूर्वीच मिळवले होते, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय होते. नोकरीत असतानाही पुस्तकांतली चित्रे, पोस्टकार्डे, रेल्वेची जाहिरातचित्रे असे काम अखंड चालू राहिले आणि घरी पत्नी गंगूबाई व मुलगी अंबिका यांची रेखाटने होतच राहिली. (अंबिकाबाईही पुढे चित्रकार झाल्या.) दुसरे उदाहरण चित्रकार शंकर पळशीकरांचे. १९१७ मध्ये भंडाऱ्याकडच्या साकोलीत जन्मलेले पळशीकर जे. जे.मध्ये शिकले, तेथेच शिकवू लागले आणि १९६८ मध्ये अधिष्ठाता झाले. चित्रकार अकबर पदमसींसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले.

प्रतिसाद २ :
उदाहरणे खरी आहेत, पण दोन्ही जे. जे.ची आहेत. तेथे शिक्षकाच्या अवतीभवती मॉडेल, प्रदर्शने आणि चित्र जाणणारे सहकारी असतात. मी एकतीस वर्षे तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवली. फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, भिंतीवरचे सुविचार, शिवाय निवडणुकीची कामे, हे सारे ‘तुमचा हात चांगला आहे’ या एका वाक्याने गळ्यात पडते. पहिल्या सात वर्षांत मी स्वतःचे एकही चित्र पूर्ण केले नाही.

तरीही एक गोष्ट वर्गानेच दिली. वस्तुचित्रात मुले तांब्याचे तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखे सपाट. वास्तविक बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असते, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त वाकलेली दिसते. एका तासाला चाळीस कागदांवर ही एकच चूक दुरुस्त करताना माझ्या लक्षात आले, की माझ्या जुन्या जलरंगांतल्या घागरीही तशाच अधांतरी बसल्या आहेत. आठव्या वर्षापासून शाळा भरण्यापूर्वीचा एक तास मी स्वतःसाठी राखला आणि तो कोणालाही दिला नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. भाच्याला ए.टी.डी. जरूर करू द्यावे, पण तो तास आधी ठरवून घ्यायला सांगावे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. भाच्याला प्रतिसाद वाचून दाखवले. त्याने घरातला तांब्या खिडकीत ठेवला आहे आणि त्याचे बूड तिसऱ्यांदा खोडतो आहे.