मदत हवी आहे: नशा न केल्याबद्दल भावाला बक्षीस द्यावं का?

पर्वतीपायथा:
धाकटा भाऊ (वय २६) एमडी, म्हणजे मेफेड्रोन घ्यायचा. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलाय. आठवड्यातून एकदा समुपदेशन, बाकी दिवस आमच्या भरवशावर.

'कंटिन्जन्सी मॅनेजमेंट'बद्दल, म्हणजे नशा न केल्याबद्दल लगेच बक्षीस देण्याच्या उपचारपद्धतीबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या सुमारास कोकेनच्या रुग्णांसाठी केलेला प्रयोग. लघवीची चाचणी स्वच्छ आली की व्हाउचर. पहिलं अडीच डॉलरचं, पुढे दर वेळी सव्वा डॉलर वाढ, एक चाचणी बिघडली की पुन्हा अडीचवर. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मेडि-कॅलच्या (तिथला कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णांना सरकारी योजनेतून अशी गिफ्ट कार्डं मिळतात.

बाबा म्हणतात, "साहेबांनी विष खाल्लं नाही म्हणून आपण हारतुरे घालायचे?" आईला पटलंय, पण तो नुसता जेवला तरी ती खूष असते.

मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून शंभर रुपयांपासून सुरुवात करावी म्हणते. रिचार्ज, पेट्रोल असं काहीतरी. घरी कोणी केलंय का?

समुपदेशक_नाशिक:
ताई, आधी किटचं बघा. मेडिकलमधली बहुतेक किटं गांजा, अफूवर्गीय पदार्थ वगैरे पकडतात. मेफेड्रोन त्यातून सहज निसटतं. तो घेत असला तरी पट्टी स्वच्छ दिसेल, आणि हे त्याला तुमच्याआधी कळेल. खास मेफेड्रोन शोधणारी चाचणी हवी, आठवड्यातून दोन-तीनदा, नमुना कोणाच्या तरी देखरेखीखाली. ते काम बहिणीने करू नये. केंद्रालाच विचारा.

बक्षीस निकालाबरोबर हातात पडायला हवं. वर्षभर नीट राहिलास तर बुलेट घेऊन देऊ, याचा उपयोग नाही. आणि हिगिन्स यांनी घसरलेल्याला परत चढायची सोयही ठेवली होती: सलग पाच चाचण्या स्वच्छ आल्या की रक्कम पूर्वीच्या पायरीवर. घरचे लोक नेमकं हेच गाळतात, मग एकदा घसरला की पोरगा म्हणतो, आता गेलंच सगळं.

भिशीवाली_काकू:
पेट्रोल नको गं, कुठे जाईल सांगता येत नाही. जिमची फी परस्पर भर, बूट घेऊन दे. पैशांची ओढाताण असेल तर कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांची पद्धत बघ. चाचणी स्वच्छ आली की भांड्यातून चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास', बऱ्याचशांवर डॉलरभराची वस्तू, मोठं १०० डॉलरचं बक्षीस एखाद्याच चिठ्ठीवर. ऑनलाइन रमी वगैरे खेळत असेल तर मात्र ही नको.

पर्वतीपायथा:
काकू, खेळतो. चिठ्ठ्या बाद.
@समुपदेशक_नाशिक, उद्याच केंद्रात विचारते. खर्च आमच्यावर आला तर अशा एका चाचणीला साधारण किती लागतात? बाबांना आकडा सांगावा लागेल.