मदत हवी आहे : भारतीय महिला जिम्नॅस्टिक्स संघाचा अंदाज कसा बांधावा?

सर्वांना नमस्कार. जपानमधील आइची-नागोया येथे २०२६ साली होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने मिरजेतील आमच्या व्यायामशाळेच्या भित्तिपत्रकासाठी भारतीय महिला संघाविषयी टिपण लिहीत आहे, आणि एका मुद्द्यावर अडलो आहे.

आपली नावाजलेली कामगिरी जवळजवळ सगळी व्हॉल्टवरची (धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीची) आहे : दीपा कर्माकरचे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील चौथे स्थान, अरुणा रेड्डीचे २०१८ च्या मेलबर्न विश्वचषकातील कांस्य, प्रणती नायकची आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील कांस्यपदके. संघाचे गुण मात्र व्हॉल्ट, अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) या चारही प्रकारांचे मिळून ठरतात, आणि बीमवरून एकदा खाली पडले की पूर्ण एक गुण जातो. म्हणजे व्हॉल्टवर कमावलेले तिथे गमवायला वेळ लागत नाही. (इकडची मल्लखांबप्रेमी मंडळी दोरीवरच्या मुलींचा तोल पाहून बीमविषयीही निर्धास्त असतात, मला ते पटत नाही.)

माझी अडचण अशी, की काठिण्याचे गुण (कसरत किती अवघड) आणि सादरीकरणाचे गुण (ती किती निर्दोष केली) वेगळे काढून पाहिले, तरी सादरीकरणातील वजावटीबाबत पंचांचा काटेकोरपणा स्पर्धेगणिक बदलतो. अशा वेळी राष्ट्रीय स्पर्धेतील आपले गुण चीन-जपानच्या गुणांशेजारी सरळ मांडणे योग्य ठरेल, की केवळ काठिण्याचीच तुलना करावी? पंच म्हणून काम केलेल्या किंवा खेळाडू घडवणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे. प्रकारनिहाय गुणतक्ते कोणाकडे असल्यास तेही हवे आहेत, विशेषतः अनइव्हन बार्सचे.