लक्ष्मी रोडवर गाड्या कायमच्या बंद? मतं नकोत, अनुभव लिहा

पेठेतली_मैना
2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वाहनबंदीचा प्रयोग होतो. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा, मधे रांगोळ्या, पोरांचे खेळ, कुठे ढोल, कुठे सेल्फी पॉइंट. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच हॉर्न आणि पी वन पी टू, म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग. मग कोणीतरी म्हणतं की हे कायमचं करा, वाडे पाडून नीट बांधा, सगळा मध्यभाग चालण्यासाठी ठेवा, आणि लगेच दुसरा म्हणतो आम्ही काय उपाशी मरायचं. दोन्ही बाजूंची भाषणं पाठ झालीत आता. म्हणून हा धागा. तुम्ही अशा रस्त्यावर राहिलाय, धंदा केलाय, माल उतरवलाय, म्हातारं माणूस घेऊन गेलाय तर काय झालं ते लिहा. पुण्याबाहेरचं, देशाबाहेरचं पण चालेल. "शिस्तच नाही आपल्याकडे" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते सगळ्यांना माहितीये.

मॅचिंगवाला
आमचं अस्तर, फॉल, ब्लाउजपीसचं दुकान, आजोबांपासून. पादचारी दिनाला गर्दी तुफान असते, खोटं बोलणार नाही. पण गर्दी आणि गिऱ्हाईक यात फरक असतो. लोक आईस्क्रीम खात फिरतात, पोरांना रस्त्यात पळू देतात, दुकानाच्या पायरीवर बसतात, आत कोणी येत नाही. आमच्या शेजारी साड्यांचं मोठं दुकान आहे, त्यांचा सगळा धंदा बस्त्याचा. बस्ता म्हणजे बारामती, फलटण, नगर कडनं एक क्रूझर भरून माणसं येणार, नवरीची आई, मावशी, आत्या, दोन म्हाताऱ्या, सकाळी अकराला बसणार ते चारला उठणार, मधे दुकानातनं चहा, आणि जाताना गाठोडी. ही माणसं गाडी कुठंतरी लांब लावून गाठोडी डोक्यावर घेऊन चालत येतील असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बस्ता बांधून बघावा. ती गाडी सरळ हडपसरला किंवा चिंचवडला जाईल, तिथं मोठी दुकानं झालीत, खाली पार्किंग आहे. आमचं अस्तर त्या बस्त्याच्या मागनं विकलं जातं, म्हणजे ते गेले की आम्ही पण गेलोच.

दिल्लीत_अडकलेली
@मॅचिंगवाला, बस्त्याचं वाचून हसू आलं कारण इथं चांदनी चौकात अगदी हेच ऐकलंय, फक्त बस्त्याच्या जागी लेहंगा. 2021 च्या सप्टेंबरमध्ये नवा चांदनी चौक उघडला, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत, सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्या बंद, सायकल रिक्षा चालू. व्यापारी आधी खूप ओरडले. पण लग्नाची खरेदी काही तिथनं हलली नाही, माझ्या नणंदेच्या लग्नाची सगळी खरेदी आम्ही मेट्रोने जाऊन केली आणि गाठोडी सायकल रिक्षात टाकून स्टेशनपर्यंत आणली. सासूबाई पण रिक्षातच. म्हणजे गाडी बंद केली तरी ओझं वाहणारं काहीतरी चाकावरचं लागतंच, ते तिथं आधीपासून होतं म्हणून जमलं. आता दुसरी बाजू. पहिले काही महिने रस्ता बघायला लोक यायचे इतका छान होता. मग हळूहळू स्कूटर घुसायला लागल्या, ई रिक्षा घुसायला लागल्या, दगडी खांब आणि कुंड्या तुटल्या, बसायच्या जागांवर माल मांडला. नियम कागदावर अजून आहे. संध्याकाळी सहा वाजता तिथं उभं राहून नियम शोधून दाखवा.

गप्प_बसेना
लक्ष्मी रोडवर विसर्जनाला दीड दिवस एक गाडी जात नाही आणि कोणाचाही धंदा बुडाला म्हणून मी तरी ऐकलं नाही. जाता जाता टाकून ठेवलं.

मॅचिंगवाला
@गप्प_बसेना, विसर्जनाला आम्ही दुकान बंद ठेवतो साहेब.

माडीवरून
आम्ही त्या बंद तुकड्याच्या अगदी वरती राहतो, जुना वाडा, लाकडी जिना, खाली दोन दुकानं. आईचं डायलिसिस चालू आहे. नेमका एका 11 डिसेंबरला तिचा दिवस आला. सकाळी जायला काही अडचण नव्हती, परत येताना रिक्षा बॅरिकेडला अडवली. डायलिसिस करून आलेलं माणूस कसं असतं ते ज्यांच्या घरी आहे त्यांना माहिती, पाय उचलत नाही. मी फाइल दाखवली, तिथल्या माणसाने वॉकीटॉकीवर विचारलं, वरून उत्तर येईना, आणि तोवर मागे लोक "वाहनमुक्त आहे ना, मग कशी सोडता" म्हणून ओरडायला लागले. शेवटी एका ढोलपथकातल्या पोरांनी खुर्ची आणली आणि आईला खुर्चीत बसवून दारापर्यंत सोडलं. पोरं गुणी होती पण दर आठवड्याला ढोलपथक कुठनं आणू. मला रस्ता बंद करायला विरोध नाही हो, हॉर्नने आमच्या खिडक्या वाजतात दिवसभर, बंद असतो त्या दिवशी घरात एकमेकांशी नॉर्मल आवाजात बोलता येतं. पण वर माणसं राहतात हे प्लॅन करणाऱ्याच्या नकाशात कुठं दिसतच नाही, तिथं नुसती दुकानं रंगवलेली असतात. रहिवाशांच्या गाडीला पास द्या, पेशंटला वेगळा पास द्या आणि तो बॅरिकेडवरच्या माणसाला आधी माहिती असू द्या.

वाडे पाडून बांधायचा, म्हणजे रिडेव्हलपमेंटचा विषय वर निघालाय म्हणून तेही लिहितो. आमचा प्लॉट इतका चिंचोळा आहे की बाजूला जागा सोडायचा नियम पाळला तर मधे खोल्या नाही, बोळच उरतो. मालकाचे वारस पाच ठिकाणी, आम्ही भाडेकरू, बिल्डर येतात, मोजमाप घेतात, चहा पितात आणि जातात. शेजारचे दोन वाडे एकत्र झाले तेव्हा त्यांचं काम झालं, आता तिथं खाली लिफ्टवाली पार्किंग आहे आणि त्या पार्किंगमधनं गाडी बाहेर काढायला लक्ष्मी रोडच लागतो. म्हणजे एकीकडे नवीन बिल्डिंगला पार्किंग सक्तीचं आणि दुसरीकडे समोरचा रस्ता गाड्यांना बंद. दोन्ही खात्यांची एकमेकांशी ओळख असावी अशी माझी माफक अपेक्षा आहे.

टीनगर_मराठी
चेन्नईतनं. इथं टीनगरला पाँडी बाजार आहे, म्हणजे आपलं लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग एकत्र केल्यासारखं, साड्या सोनं स्टीलची भांडी सगळं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तिथं पादचारी प्लाझा झाला. एक गोष्ट लक्षात घ्या, त्यांनी गाड्या पूर्ण बंद नाही केल्या. गाड्यांना अरुंद पट्टा ठेवला आणि फुटपाथ एवढे रुंद केले की चार जणी हातात हात घालून चालतील. आधी तात्पुरते अडथळे लावून ट्रायल घेतल्या, जवळ बहुमजली पार्किंग बांधलं. मी रोज संध्याकाळी तिथनं जाते, म्हाताऱ्या बायका बाकावर बसून मल्ली म्हणजे मोगरा माळत असतात, दुकानात काही घ्यायचं नसतं त्यांना. दुपारी मात्र भट्टी असते कारण झाडं मोठी व्हायला वेळ लागणार आणि ग्रॅनाइट तापतं. तेव्हा सुंदर फरशी टाकण्यापेक्षा सावलीचं बघा आधी.

टेम्पो_छोटा_हत्ती
सगळे बस्ता आणि बाक बोलताय, माल कसा येतो ते कोणी बोलंना. मी भवानी पेठेतनं कपड्याचे गठ्ठे आणतो. आत्ता काय चालतं तर सकाळी दहाच्या आत टेम्पो लावायचा, हमाल गठ्ठा पाठीवर घेणार, दुकानाच्या पोटमाळ्यावर टाकणार, सही घेऊन निघायचं. दुकान उघडतं साडेदहाला. मग सही द्यायला माणूस कुठाय? म्हणून आम्ही थांबतो, थांबलो की दंड, दंड कोण भरणार तर आम्हीच. बंद करा रस्ता, आमचं काय म्हणणं नाही, रात्री माल टाकू. पण रात्री दुकानात माणूस ठेवा म्हटलं की मालक म्हणतो पगार कोण देणार. आणि रात्री गठ्ठा आपटला की माडीवरनं लोक ओरडणार, त्यांचं पण बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की बोहरी आळीच्या बाजूला किंवा मंडईजवळ एक जागा द्या जिथं टेम्पो सरळ लागेल, तिथनं हातगाडीने आत न्यायचा. हातगाडीला बंदी घालू नका म्हणजे झालं. मागच्या वेळी रांगोळी खराब होते म्हणून हातगाडी पण अडवली होती, बोला आता.

चाकांवर
मी व्हीलचेअर वापरतो. तुळशीबागेच्या तोंडापर्यंत मी रस्त्याच्या मधून, कोणाचा हात न धरता, पहिल्यांदा गेलो तो पादचारी दिनालाच. एरवी फुटपाथवर चढायला उतार नाही, उतार असेल तिथं बुलेट लावलेली, आणि नसली तर दुकानाची पायरी पुढे आलेली. त्या दिवशी मी एका दुकानासमोर थांबून काचेत लावलेल्या शर्टांच्या किमती वाचत बसलो बराच वेळ, नुसताच. लोकांना यात काय विशेष वाटणार नाही.

आता तक्रार. गाड्या येऊ नयेत म्हणून जे खांब लावतात त्यांच्यातली फट एवढी कमी असते की माझी खुर्ची जात नाही आणि स्कूटर मात्र तिरकी करून बरोबर जाते. हे कोणत्या हिशोबाने करतात? जंगली महाराज रोडचे रुंद फुटपाथ झाले तेव्हा पण मी खूप खूश होतो, अजूनही तो पुण्यातला माझ्यासाठी सगळ्यात बरा रस्ता आहे, पण संध्याकाळी तिथं बाइक चढवून लावलेल्या असतात. आणि टॉयलेट. दोन तास चाला म्हणता, मग दोन तासांनी माणसाला कुठं जायचं ते पण सांगा.

नणंदबाई
टॉयलेटला शंभर वेळा अनुमोदन. बायकांनी तर लक्ष्मी रोडला जायच्या आधी पाणी न पिण्याची सवयच लावून घेतलीये. ओळखीच्या दुकानात साडी घ्यायच्या निमित्ताने जाते मी, आणि दोनदा खरंच साडी घ्यावी लागलीये 😀

रबरबँडवालीची_पोर
माझी आई फुटपाथवर क्लिपा, रबर, टिकल्या विकते, कुठल्या चौकात ते सांगत नाही. तिच्या धंद्यावर मी बीकॉम केलं. पादचारी दिनाच्या आदल्या रात्री सांगून जातात की उद्या बसायचं नाही, पाहुणे येणारेत. म्हणजे गाड्या काढल्या, रस्ता मोकळा झाला, लोक पायी आले, आणि पायी येणाऱ्यांना जे विकलं जातं तेच नेमकं उचललं. गाडीतनं कोण टिकल्या घेतं? आमचं गिऱ्हाईक पायीच असतं कायम. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो सर्व्हे करा, सर्टिफिकेट द्या, हलवायचं असेल तर नोटीस द्या आणि जागा द्या. आईकडे सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलंय, ते ती टिकल्यांच्या डब्यात तळाला ठेवते. तरीपण सुशोभीकरण म्हटलं की सगळ्यात आधी आम्हीच दिसतो. मॅचिंगवाले काकांना राग येईल पण दुकानांसमोर पहिल्या रांगेत ज्या टू व्हीलर सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेल्या असतात त्या गिऱ्हाइकाच्या नाहीत, दुकानातल्या स्टाफच्या आणि मालकांच्या आहेत, आई सगळ्या नंबरांसकट ओळखते.

मॅचिंगवाला
राग नाही आला. स्टाफ कुठं लावणार पण गाडी? धायरी, मांजरीहून येतात पोरं, रात्री साडेनऊला सुटतात.

कोपनहेगनकर
इथल्या स्ट्रॉएट रस्त्याचं उदाहरण प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं म्हणून लिहितो, मी त्याच्या जवळच काम करतो. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये ट्रायल म्हणून गाड्या बंद केल्या आणि तेव्हा दुकानदारांनी इथंही बोंब मारली होती, की ही काय इटली आहे का, आमच्या थंडीत रस्त्यावर कोण फिरणार. 1964 ला कायम केलं. पण पुढची गंमत कोणी सांगत नाही. तो रस्ता आता स्थानिकांचा राहिलेला नाही. भाडी वाढली, जुनी दुकानं गेली, मोठे ब्रँड आणि टूरिस्टांसाठी मॅग्नेट विकणारे आले. माझ्या ऑफिसातले लोक तिकडे खरेदीला जात नाहीत. त्यामुळे धंदा बुडेल ही भीती मला तरी फार खरी वाटत नाही, भाडं वाढेल ही भीती जास्त खरी आहे, आणि ती ज्याचं दुकान स्वतःचं आहे त्याला नाही, भाड्याने आहे त्याला. मॅचिंगवाले, तुमचं स्वतःचं आहे का?

मॅचिंगवाला
पागडीचं आहे, म्हणजे जुनं भाडं, मालक वेगळाच.

कोपनहेगनकर
मग मालक काय म्हणतो ते आधी बघा.

खोदकामग्रस्त
शहराचं नाव घेत नाही, मराठवाड्यातलं आहे. आमच्या बाजारपेठेचा रस्ता "सुंदर" करायला घेतला. आधी ड्रेनेजसाठी खोदला, बुजवला, मग केबलसाठी खोदला, बुजवला, मग फरशी टाकली, मग पाण्याची लाइन राहिली म्हणून फरशी काढली. दुकानात जायला फळी टाकली होती, त्या फळीवरनं एक आजी पडल्या, त्यानंतर गिऱ्हाईक येणं बंदच झालं. रस्ता आता चांगला आहे. पण माझ्या ओळीतली तीन दुकानं काम संपायच्या आतच बंद झाली. तर प्लॅन कसा आहे हे विचारू नका, काम कितक्या तुकड्यांत करणार आणि तेवढ्या काळात भाडं, कर यात काही सूट आहे का ते विचारा आणि लिहून घ्या.

गंगटोक_रिटर्न
एमजी मार्गवर गाडी नाही, थुंकणं नाही, कचरा नाही, मधोमध बाकडी. जाऊन या एकदा. तिथं टॅक्सी खालच्या रस्त्याला सोडते आणि मग ट्रॅफिक जाम तिकडे असतो, ते फोटोत येत नाही.

पेठेतली_मैना
वाचतेय सगळं. गंगटोकवाल्यांनी शेवटी जे लिहिलंय तेच माझ्या डोक्यात घोळतंय. 2024 च्या सप्टेंबरपासून मंडईला मेट्रो आहे, कसब्याला आहे. काकूला घेऊन मी मेट्रोने आले, सरकता जिना, गार हवा, मस्त. आणि वर आल्यावर मंडईपासून बेलबाग चौकापर्यंत तिचा हात घट्ट धरून रस्त्याच्या कडेने, बसच्या आरशापासून डोकं वाचवत. ते अंतर काहीच नाहीये, पण फुटपाथ म्हणजे एक कठडा, एक विजेचा डीपी, एक ऊसाचा रस, मग फुटपाथ नाहीच. मग लक्ष्मी रोड बंद करून काय करू मी, तिथपर्यंत पोचायलाच पाहिजे ना आधी. बाजीराव रोड आणि शिवाजी रोडचे फुटपाथ नीट केले, टेम्पोवाले दादा म्हणतात तशी माल उतरवायची जागा दिली, आणि बंद तुकड्यात दहा रुपयांत फिरवणारी ती छोटी बस, पुण्यदशम सुरू झाली होती ना तशी, म्हाताऱ्यांसाठी आणि बस्तेवाल्यांसाठी चालू ठेवली, तर माझ्या मते दर रविवारी करून बघायला हरकत नाही. एका दिवसाच्या जत्रेवरनं कोणालाच काही कळत नाहीये, ना दुकानदाराला ना आपल्याला.

कुमठेकर रोड आणि केळकर रोडवरचं कोणी आहे का इथं? लक्ष्मी रोड बंद असतो त्या दिवशी सगळी गर्दी तुमच्या दारात येते असं ऐकलंय.

केळकर_रोड_तिसरा_मजला
आहे. त्या दिवशी आम्ही सकाळी आठलाच दूध, भाजी, औषधं आणून ठेवतो आणि गाडी काढतच नाही. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं तर खाली सगळे एकाच जागी उभे असतात, आणि त्यातला प्रत्येक जण फोनवर कोणालातरी सांगत असतो की अरे लक्ष्मी रोड बंद आहे, इकडनं ये.