सल्ला हवा: जुन्या लष्करी एम३५ ट्रकमध्ये कमिन्स ६बीटी बसवावं का?

इंडियानाकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे अमेरिकन लष्कराने लिलावात काढलेला एम३५ए२ आहे, तोच अडीच टनी, तीन अ‍ॅक्सलचा ट्रक. रानातली लाकडं ओढायला आणि ४ जुलैच्या मिरवणुकीला वापरतो. त्याचं मूळ मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं इंजिन (एलडीटी-४६५, ७.८ लिटर) आता रुसलंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ. जवळच डॉज पिकअपमधून काढलेलं कमिन्स ६बीटी हे डिझेल इंजिन विकायला आहे. दुरुस्ती करू की सरळ इंजिन बदलू? ट्रक ५५ मैलांच्या वर पळत नाही, तेही जमलं तर सुधारायचंय.

नगरी
बदलू नका हो! ती टर्बोची शिट्टी म्हणजे त्या ट्रकचा जीव. मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावरची ज्वलनपद्धत आहे त्यात. आपला लष्करी ट्रक शक्तिमानही मॅनच्याच परवान्यावर जबलपूरला बनायचा, म्हणजे लांबचं नातंच झालं. या इंजिनाला तीन-तीन सिलिंडरची दोन हेड असतात. एकाचीच गॅस्केट गेली असेल तर काम आटोक्यातलं आहे.

फलटणकर
माझी सगळी नोकरी कमिन्सच्या बी-सीरिज इंजिनांत गेली, ६बीटी त्यातलंच. टाटाच्या १६१३ सारख्या गाड्यांत हेच ६बीटी, ५.९ लिटरचं, जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून यायचं. तरीही सांगतो, इंजिनाचा व्यवहार आज करू नका. आधी ऑइल काढा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उतरवा आणि दोन-तीन बेअरिंग शेल उघडून बघा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर ट्रक चालला असेल तर वरचा थर झिजून शेलवर तांबं दिसेल. तांबं नसेल तर नगरी म्हणतात तसं करा: हेड प्लेन करून घ्या, दोन्ही गॅस्केट घाला आणि वापरा. तांबं दिसलं तरच पुढचं वाचा.

डॉजचं इंजिन तुमच्या ट्रकला घेऊ नका. कारण ब्रेक. एम३५चे ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक आहेत, म्हणजे इंजिनावर एअर कॉम्प्रेसर हवाच. डॉजच्या इंजिनावर त्या जागी व्हॅक्यूम पंप असतो. त्याची बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरची) बोल्टरचनाही पिकअपच्या गिअरबॉक्ससाठी केलेली. मध्यम ट्रकमधलं किंवा एअर ब्रेकच्या स्कूल बसमधलं ६बीटी शोधा. त्यावर गिअरवर चालणारा कॉम्प्रेसर असतो आणि मागे एसएई, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित मापाचं हाउसिंग. तुमच्या स्पायसर गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग आधी मोजा आणि ते माप खिशात ठेवूनच इंजिन बघायला जा.

बसचं इंजिन घेतलंत तर एक लक्षात ठेवा. ते बहुधा ऑटोमॅटिकला जोडलेलं असतं. मागे जाड फ्लायव्हील नसतं, पातळ फ्लेक्सप्लेट असते. फ्लायव्हील, क्लच आणि तुमच्या इनपुट शाफ्टला बसणारं पायलट बेअरिंग वेगळं जमवावं लागेल. सेल्फ (स्टार्टर) २४ व्होल्टचा घ्या, कारण ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची आहे.

वेगाचं म्हणाल तर इंजिन बदलून तो वाढणार नाही. तुमच्या अ‍ॅक्सलचा रेशो ६.७२ आहे. टॉप गिअरमध्ये ५५ मैलांना इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या आसपास फिरत असणार. ६बीटीसुद्धा तेवढंच फिरेल, त्याहून फार पुढे त्याला ताणायचं नाही. फरक पडेल तो चढावर, कारण याचा जोर १६००लाच हातात येतो. वेग हवा असेल तर टायर मोठे घालावे लागतील किंवा गिअर बदलावे लागतील.

वाघोलीची_मेकॅनिक
फलटणकर काकांना +१. डिझेल पंपाचं मी सांगते. डॉजमध्ये १९९४ ते १९९८ची इंजिनं इनलाइन पी-पंपाची, त्याआधीची रोटरी व्हीई पंपाची. डिझेल स्वच्छ असेल तर दोन्ही चांगले, पण लाकडं ओढायला मी पी-पंप घेईन. त्याचं वंगण इंजिन ऑइलवर होतं, डिझेलवर अवलंबून नसतं. मात्र पंपाचं डिझेल वाढवून जोर काढायच्या भानगडीत पडू नका. इंजिनामागचा गिअरबॉक्स आणि शाफ्ट त्या जोरासाठी बनवलेले नाहीत.

आणि ब्रेकचंच अजून थोडं. एम३५ए२ला एकच ब्रेक सर्किट आहे. एक व्हील सिलिंडर फुटला की पायाखालचं पेडल थेट तळाला. इतक्या जड गाडीत जोरदार इंजिन घालण्याआधी ब्रेकचे सगळे व्हील सिलिंडर, नळ्या आणि मास्टर सिलिंडर बदला, जमलं तर दुहेरी सर्किट करून घ्या. पैसे कमी पडत असतील तर इंजिन थांबू दे, हे काम आधी.

नगरी
एक उपप्रश्न. इकडे कुणाचा लिलावातला शक्तिमान असेल तर असंच करता येईल का?

वाघोलीची_मेकॅनिक
नगरी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसीवरच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल असेच करता येत नाहीत. आधी आरटीओची मंजुरी, मग स्पॅनर.

इंडियानाकर
सगळ्यांचे आभार. चेंबर उतरवला. मधल्या शेलवर तांबं स्पष्ट दिसतंय आणि तळाला चिकट राखाडी गाळ. नगरी, माफ करा, शिट्टी जाणार. डॉजवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. एका स्कूल बसचं १९९५चं ६बीटी मिळतंय, कॉम्प्रेसरसकट. जागेवर चालू करून दाखवणार आहे. काय बघू?

फलटणकर
थंड इंजिन सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. चालू झाल्यावर ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीशी हात धरा. वाफेसारखं थोडं आलं तर चालेल, ढकलल्यासारखं येत असेल तर रिंगा गेल्यात. याला लायनर (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, ब्लॉकच बोअर करावा लागतो, म्हणून हे नीट बघा. फ्लायव्हील हाउसिंग, फाउंडेशन (इंजिन बसवायचे आधार), सेल्फ, कॉम्प्रेसरच्या नळ्या सगळं एकत्र मागून घ्या. सुटं गोळा करताना जीव जातो.

घरी आणल्यावर ट्रकमध्ये चढवण्याआधी पुढचं कव्हर उघडा. टायमिंग केसमध्ये एक पोलादी डॉवेल पिन असते. ती थरथरीने सैल होऊन गिअरमध्ये पडते आणि केस फोडते. शेजारच्या बोल्टखाली छोटी पट्टी अडकवली की ती जागेवर राहते. इंजिन स्टँडवर असताना हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि हो, चेंबर पुढच्या डिफरेन्शियलला लागतो का ते अ‍ॅक्सल पूर्ण वर उचलून तपासा, ट्रक सपाट जागी उभा असताना कळत नाही. फाउंडेशन वेल्ड करण्याआधी मापाचे फोटो इथे टाका, मी बघतो.