कॉन्व्हेंट बघायला जाताना नेमकं काय बघायचं?

रात्रपाळी_सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरची, कॅथलिक, एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स. वय सत्तावीस. धर्मभगिनी व्हावं का, हा विचार जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करत असल्यापासून आहे. मध्ये दबला होता, इंटर्नशिपला कोविड वॉर्ड लागला तेव्हा परत वर आला आणि आता काही केल्या जात नाही. आमच्या फादरांशी बोलले. ते म्हणाले, घरात बसून हे ठरत नाही, जाऊन राहून ये. म्हणून ड्युटीच्या सुट्ट्या जुळवून जातेय. मामी म्हणते, "लोकं पोरं बघायला जातेत, तू कॉन्व्हेंट बघत फिर!"

मामीचा राग मला कळतो. आईचं माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. त्यांच्याकडे सिस्टर म्हणजे नर्स नाहीतर शाळेतल्या बाई. देवाची सेवाच करायची तर घरी राहून कर, संडे स्कूल घे, असं आजीचं म्हणणं. वडील कॅथलिक, मूळ नगरकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. फक्त मी पुण्याला निघाले की हुतात्माचं तिकीट स्वतः काढून आणतात.

पहिलं घर पुण्यातलं, शाळा चालवणाऱ्या सिस्टरांचं. फरशी इतकी चकचकीत की चपला कुठे काढाव्यात कळेना. पार्लरमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) बसवलं, कपबशीत चहा, सोबत केक. संध्याकाळी चॅपलमध्ये दोन बाजूंना बसून स्तोत्रं आलटून पालटून म्हणतात, ते फार आवडलं. जेवणाच्या टेबलावर मात्र सगळं इंग्रजी. मी "येस सिस्टर, थँक यू सिस्टर"च्या पुढे गेले नाही. रात्री एक वयस्क सिस्टर पेपर तपासत बसल्या होत्या. "शिकवायला आवडेल का?" म्हणाल्या. मी खरं सांगितलं, नाही. त्यावर त्या हसल्या आणि पुढचा पेपर घेतला.

दुसरं घर कर्नाटकच्या सीमेकडच्या गावात, दवाखान्याला लागून. सिस्टर मोजक्या: केरळच्या, मंगळूरच्या आणि झारखंडची एक तरुण. इथे मला कोणी बसा म्हटलंच नाही. सकाळची मिस्सा (चर्चचा प्रार्थनाविधी) झाली की थेट ओपीडी. बीपी घ्या, ड्रेसिंग करा, शुगर वाढलेल्या आजोबांना भाकरी किती खायची ते समजावा. मराठी, कन्नड, हिंदी सगळी मिसळ. दुपारपर्यंत मी विसरूनच गेले की आपण बघायला आलोय. आणि परतीच्या एसटीत नेमका तोच किडा डोक्यात शिरला. मला आवडलं ते कॉन्व्हेंट होतं की नीट चालणारी ओपीडी? नर्सिंग तर मी आत्ताही करतेच की.

तिसरं घर बंदिस्त. तिथल्या सिस्टर बाहेर पडत नाहीत, मदर जाळीपलीकडून बोलल्या. मला वाटलं प्रार्थनेबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, झोप कशी लागते? जेवण नीट जातं का? राग आला की काय करतेस? आणि शेवटी, विनोद कळतो का? त्या घरात राहायला नाही मिळालं, बाहेरच्या पाहुण्यांच्या खोलीत रात्र काढली. पहाटे त्यांची घंटा झाली तेव्हा मी जागीच होते, रात्रपाळीची सवय.

तर विचारायचंय ते हे. पाहुण्यांशी सगळेच गोड वागतात, मग बघायचं कशाकडे? घराच्या कर्जावर वडिलांबरोबर माझं नाव आहे आणि हप्ता माझ्या पगारातून जातो, हे आधी सांगायचं का? आणि नर्सिंग सोडावं लागेल का? एका ठिकाणी मला विचारलं, "सांगितलं तर सोडशील?" मी गप्प बसले.

"प्रार्थना कर, सगळं कळेल" एवढंच कृपया लिहू नका. प्रार्थना चालू आहे.

सिस्टर_एम

बाळ, कर्जाचं पहिल्याच पत्रात लिही. चर्चच्या कायद्यात कलम 644 आहे: जिच्यावर कर्ज आहे आणि जी ते फेडू शकत नाही, तिला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, घ्यायचं नाही. याचा अर्थ तुझा मार्ग बंद झाला असा नाही. कर्ज फिटेपर्यंत किंवा बँकेत तुझ्या नावाऐवजी दुसरी सोय होईपर्यंत थांबायचं, एवढंच. काही मुली हे लपवतात आणि मग बँकेचे फोन कॉन्व्हेंटच्या लँडलाइनवर येतात. मी असे फोन घेतले आहेत.

आता बघायचं काय. म्हाताऱ्या सिस्टरांच्या खोल्यांकडे जा. पार्लर सगळीकडे चांगलंच असतं. जी सिस्टर आता शिकवत नाही, दवाखाना बघत नाही, जिला कधीकधी स्वतःचं नावही आठवत नाही, तिच्याजवळ कोणी बसतं का ते बघ. तू नर्स आहेस, तुला फाइल लागणार नाही. नखं कापलेली आहेत का, पाठीवर जखम आहे का, पाण्याचा ग्लास हाताला लागेल असा ठेवलाय का. इतरांना जे महिनाभर राहून कळत नाही, ते तुला खोलीच्या दारातून कळेल. आणि लक्षात ठेव, तुझंही म्हातारपण त्याच खोलीत जायचं आहे.

दुसरं म्हणजे, पाहुणी म्हणून राहू नको. भाजी निवडायला बस, भांड्यांना हात लाव. स्वयंपाकघरात सिस्टर एकमेकींशी कशा बोलतात आणि कामवाल्या मावशींशी कशा बोलतात, दोन्ही ऐक. मग मोकळेपणाने विचार. बसभाड्याचे पैसे कोणाकडे मागायचे? घरी केव्हा सोडतात? आई आजारी पडली तर? बदली ठरवण्याआधी विचारतात की नुसतं पत्र येतं? चांगल्या घरात या प्रश्नांचा राग येत नाही. जिथे हसून विषय बदलतात तिथे मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

"तुला पाचारण (देवाची हाक) आहेच, हा घे फॉर्म" असं पहिल्याच भेटीत कोणी म्हणालं तर बॅग उचल आणि घरी ये. आयुष्याची वाट निवडताना कोणावरही जबरदस्ती नको, हा सगळ्याच भाविकांचा हक्क आहे, कलम 219. धाक दाखवून किंवा फसवून घेतलेला नोव्हिशिएटचा प्रवेश तर कायद्याने ठरतच नाही.

आणि दार एका दिवसात बंद होत नाही. आधी कँडिडेट, मग पोस्टुलंट, या नोव्हिशिएटआधीच्या पायऱ्या. त्यानंतर नोव्हिशिएट किमान 12 महिने, पुष्कळ ठिकाणी 2 वर्षं. तिथून तू कधीही निघू शकतेस आणि त्याही तुला परत पाठवू शकतात. पुढे तात्पुरती व्रतं, किमान 3 वर्षांची, सहसा 6 पर्यंत, क्वचित 9 पर्यंत. कायमची व्रतं त्यानंतर. बंदिस्त घरात याहून लांब: 2018 साली रोमहून आलेल्या सूचनांप्रमाणे ही सुरुवातीची घडणच सगळी मिळून किमान 9 वर्षांची. झोपेचा प्रश्न त्या मदरनी उगाच विचारला नाही. रात्रंदिवस त्याच भिंतीत, त्याच माणसांबरोबर राहायचं तर झोप, भूक आणि विनोद जाग्यावर लागतो.

परत_नाशिकला

मी तात्पुरत्या व्रतांच्या काळात बाहेर पडले. कोणी हाकललं नाही, भांडणही नाही. मुदत संपली, मी पुन्हा व्रतं घेतली नाहीत. आता शाळेत शिकवते. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी मला "कडू झालेली" म्हणायला नको.

सिस्टर_एम यांचं पटलं. त्यात माझी भर एवढीच: त्या दवाखान्यातली जी सिस्टर तुला आवडली (कोणीतरी आवडली असणारच, झारखंडची असेल), ती येत्या मे-जूनमध्ये बदलून जाईल. तू आत जाशील तेव्हा वेगळ्याच चौघी असतील, त्यातली एक घोरणारी आणि एक सगळ्याला नावं ठेवणारी. मी माणसं बघून गेले होते. माणसं बदलली की मागे काय उरतं ते बघ. त्या मंडळींचा (म्हणजे सिस्टरांच्या संघाचा) मूळ हेतू, प्रार्थनेची पद्धत, रोजचा दिनक्रम. हे तुला एकटीला, अनोळखी गावात, नावडत्या सुपिरियरच्या (घरप्रमुख सिस्टरच्या) हाताखाली पेलेल का?

भाषेचं तू एका ओळीत उरकलंस, पण ते लहान नाही. दिवसभर इंग्रजीत नाहीतर हिंदीत राहायचं आणि रडू मराठीत येतं. जेवणही तसंच. तीन वेळा भात. मी रविवारी भाकरी मागितली तर सगळ्यांना गंमत वाटली, मग एका मल्याळी सिस्टरनेच यूट्यूबवर बघून थापली. वाकडी होती, पण थापली. ती आजही फोन करते.

आणि अगं, परत आलीस तर गल्लीत लोक विचारतात. वर्षभर विचारतात, मग कोणाचं तरी लग्न मोडतं आणि विषय बदलतो. त्या भीतीने आत राहू नको आणि त्या भीतीने जायचंही टाळू नको.

वसईकर_काका

बाय, आमच्या वसईच्या कॅथलिकांत पुष्कळ कुटुंबांत कोणी ना कोणी फादर नाहीतर सिस्टर. त्यामुळे आमच्याकडे पोरीला कोणी एवढं विचारतही नाही, आणि ते काही फार चांगलं नाही.

नर्सिंगबद्दल मात्र थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर सोडून दे. एके काळी धर्मभगिनींना बाळंतपण आणि शस्त्रक्रिया करायला चर्चची परवानगीच नव्हती. अ‍ॅना डेंगल नावाची ऑस्ट्रियन डॉक्टरीण रावळपिंडीला काम करत होती. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, त्यामुळे बाळंतपणात दगावत. तिने 1925 साली मेडिकल मिशन सिस्टर्स ही मंडळी काढली. पण परवानगी 1936 पर्यंत आली नाही, तोवर त्या सार्वजनिक व्रतं न घेताच काम करत राहिल्या. याच सिस्टरांच्या पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात 1948 मध्ये मदर तेरेसा इंजेक्शन द्यायला शिकल्या. तोवर त्या लोरेटोच्या सिस्टर होत्या, कोलकात्यात मुलींना शिकवत होत्या, आणि 1950 ला स्वतःची मंडळी काढली.

सांगायचा मुद्दा, कोणाचं कौशल्य आत गेल्यावर सुटतं, कोणाला ते आत गेल्यावर मिळतं. तुझ्या हातात ते नाही. आज्ञापालनाचं व्रत हे सगळ्यात महाग, बाकीची दोन (गरिबी आणि ब्रह्मचर्य) त्यापुढे सोपी, असं माझी सख्खी बहीण (सिस्टर आहे) म्हणते. रजिस्ट्रेशन मात्र रिन्यू करत राहा. नर्सिंग कौन्सिलला पाचारण कळत नाही.

रेल्वेलाइन्सवाली

मी सीएनआयची, सोलापूरचीच. तुझी आजी मला माझ्या आजीसारखी वाटली म्हणून लिहिते. तिला पंडिता रमाबाईंचं सांग. आमच्या घरांत रमाबाईंपुढे कोणी बोलत नाही. पुण्याला जाताना केडगाव लागलं की माझी आजी खिडकीतून रमाबाईंचं मुक्ती मिशन त्या बाजूला आहे म्हणून दाखवायची. त्या रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्येच उतरल्या, बाप्तिस्माही तिथेच झाला. त्याच मंडळींच्या सिस्टर पुण्यात पंचहौदला काम करत होत्या. म्हणजे सिस्टर हे प्रकरण आपल्यात अगदीच परकं नाही.

मात्र आजी हुशार असेल तर पुढचंही सांगेल, की रमाबाई सिस्टर झाल्या नाहीत, उलट त्यांच्याशी पत्रांतून आज्ञापालनावरूनच वाद घालत राहिल्या. तेव्हा जपून वापर.

रात्रपाळी_सोलापूर

सगळ्यांचे आभार. आजीला रमाबाईंचं सांगितलं. तिने बरोब्बर पुढचंच सांगितलं.

@परत_नाशिकला, झारखंडचीच होती. ड्रेसिंग ट्रे लावायची तिची पद्धत बघून मी खूश झाले होते. तुमचं वाचल्यावर तिला वजा करून परत विचार केला. तरी जावंसं वाटतंय, पण ओपीडीसाठी कमी. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर त्या सगळ्या चॅपलमध्ये गप्प बसल्या होत्या. तेव्हा मी मोबाइल बघत बाहेर बसले होते आणि आत जावंसं वाटत होतं, ते मी इथे लिहिलंच नाही. भाकरी मी स्वतः थापते, तो प्रश्न सुटला.

काका, "सांगितलं तर नर्सिंग सोडशील का" याचं उत्तर आजही नाही असंच आहे. ते त्यांना तसंच कळवणार आहे.

सिस्टर, बाबांबरोबर बसून कर्जाचा हिशोब काढला. बँकेत विचारलं, माझं नाव काढायचं तर भावाचं उत्पन्न दाखवावं लागेल. तो आत्ताच चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलाय, त्यामुळे एवढ्यात होणार नाही. सध्या फक्त भेटी. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत हॉस्पिटलला रजा मिळत नाही, म्हणून जानेवारीनंतर त्या दवाखान्याच्या घरी जास्त दिवस राहायचं ठरवतेय, या वेळी दुपारी आत बसायला. दोन गोष्टी विचारायच्यात: कागदपत्रं काय न्यायची? आणि पहिल्या दिवशी आईला सोबत आणलं तर वाईट दिसेल का?

सिस्टर_एम

नुसतं राहायला जाताना आधार कार्ड आणि फादरांचं पत्र पुरे. पुढे प्रवेशाची वेळ आली तर स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) व दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला आणि तू अविवाहित असल्याचा दाखला लागेल. स्नानसंस्काराचा दाखला ज्या चर्चमध्ये संस्कार झाला तिथलाच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी अलीकडे काढलेला मागतात. तुझा नगरकडे झाला असेल तर सोलापूरच्या चर्चमध्ये मिळणार नाही. बाबांना आत्ताच तिकडे कळवून ठेवायला सांग, जुन्या वह्या शोधायला वेळ लागतो.

आईला जरूर आण, त्यात वाईट काही नाही. फक्त आधी फोन कर, लहान घरांत पाहुण्यांची खोली एकच असते. आणि आईला सुपिरियरशी एकटीने बोलू दे, तू तिथे बसू नको. तिला जे विचारायचंय ते ती तुझ्यासमोर विचारणार नाही.